'कचरा' लिहिलेला डबा

आमचा मित्र शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, पण त्याचा जीव सगळा आवाजात. दुकानात दिवसभर खडखडाट, म्हणून घरी त्याला टाचणी पडलेलीही खपायची नाही. पाठीमागे आम्ही त्याला 'चिडीचूप' म्हणायचो. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

दर रविवारी दुपारी त्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं जमायचो. तो, चष्म्याचं दुकान चालवणारा मी, आणि व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई. भिंतींना जाड पडदे, खिडकीच्या फटीत कोंबलेल्या चिंध्या आणि मधोमध मोठ्या चकत्यांचं टेप मशीन. बाई वाजवायच्या, तो टेप करायचा, मी फोटो काढायचो. माईक कुठे ठेवायचा, किती उंच, किती तिरका, यावरून आम्हा दोघांची अशी जुंपायची की तोवर बाईंच्या तारा उतरायच्या आणि त्यांना पुन्हा लावत बसावं लागायचं. त्या भांडणात जी मजा होती ती मला नंतर कशातच आली नाही.

आतल्या खोलीत वहिनी, म्हणजे त्याची बायको. टेप सुरू झाली की तिने नळ सोडायचा नाही, भांडं हलवायचं नाही, चप्पल घालून चालायचं नाही. पण घर म्हटलं की आवाज आलाच. कधी झाकण पडायचं, कधी ती विसरून दारात यायची आणि काहीतरी विचारायची. हा तोंडावर बोट ठेवून "शू!" करायचा. बाई थांबायच्या, तीच ओळ पुन्हा वाजवायच्या. मग हा ब्लेडने तो बिघडलेला तुकडा स्वतःच्या 'शू'सकट कापायचा आणि टेपची दोन टोकं बेमालूम जोडायचा. मी मदतीला हजर. माझे कान भलते तिखट. "थांब, इथे कपबशी वाजली," असं म्हणताना मला परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटायचं.

कापलेले तुकडे तो एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डब्यावर त्याच्याच अक्षरात 'कचरा' लिहिलं होतं. पण फेकवत काही नाही, असा त्याचा स्वभाव.

एकदा चहाचा ट्रे ठेवता ठेवता वहिनी म्हणाली, "अहो, एकदा माझाही आवाज भरा की त्यात."

"तुझा आवाज रोजच ऐकतो की," तो म्हणाला. आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

वहिनी गेली त्याला आता दोन वर्षं झाली. आजार जेमतेम आठ दिवसांचा. महिनाभराने तो माझ्या दुकानात आला. खुर्चीवर गिऱ्हाईक बसलेलं, मी त्याच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलतोय, आणि हा सरळ म्हणाला, "मला तिचा आवाज आठवत नाही रे. काय बोलायची ते आठवतं. आवाज नाही."

मी गिऱ्हाइकाला बाहेर बसवलं.

"घरात टेप केलेल्या चारशे चकत्या आहेत," तो म्हणाला. "सगळ्या ऐकल्या. एकीतही ती नाही. इतकी कशी साफ केली मी?"

त्या आठवड्यात मी माझे फोटो काढून बसलो. मशीन, माईक, बाईंची बोटं. वहिनी कुठे दिसते, तर ट्रे धरलेला एक हात आणि दारातून आत वळणारी पाठ. तेही मूळ फिल्मवर. छापताना मी कडा कापल्या होत्या. स्वतःचाच राग आला आणि त्या रागातच मला तो डबा आठवला. मीच त्याला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं आजही कधी कधी वाटतं.

वीतभर टेप म्हणजे जेमतेम एक सेकंद. डब्यात दोनशेच्या वर तुकडे निघाले, कुरळे झालेले, एकमेकांत अडकलेले. कुठल्या तुकड्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, काही कळेना. पहिल्या खेपेला निम्मे उलटे लागले आणि वहिनी उलटी बोलू लागली, शब्द आत ओढून घेत असल्यासारखी. त्याने घाबरून मशीन बंद केलं. पुन्हा सगळं सोडवलं, पुन्हा जोडलं. तीन महिने गेले. टेप झाली चार मिनिटांची.

ती ऐकायला त्याने बाईंनाही बोलावलं. व्हायोलिनचा तुटका सूर, आणि मग,

"चहा टाकू का—"

"शू!"

झाकण पडलं. "शू!"

"बाहेर कोणीतरी आलं—"

"शू!"

खोकला. "शू!"

आवाज तिचाच होता, किंचित घोगरा, शेवटाला वर जाणारा. मला एकदम ओळखू आला. पण वाक्य एकही पुरं नाही. पुरा होता फक्त त्याचा 'शू', दोनशे वेळा. बाईंनी मान खाली घातली.

"मी नको," तो म्हणाला. "मला कापून टाकू." त्याने ब्लेड आणलं. "तुझे कान चांगले आहेत. मी कुठे सुरू होतो सांग."

हाताने चकत्या पुढेमागे फिरवत मी ऐकलं. त्याचा 'शू' तिच्या शेवटच्या अक्षरावरच बसला होता. "इथे कापलं तर तिचाही शब्द जाईल," मी म्हणालो.

"थोडं पुढे?"

"पुढे तूच आहेस."

त्याने ब्लेड खाली ठेवलं. प्रत्येक तुकड्यात तेच होतं.

शेवटाजवळ एक जरा लांब तुकडा होता. "अहो, ऐका ना, मला जरा—" "शू!"

"मला जरा काय?" त्याने आम्हाला विचारलं. "तुम्ही दोघंही होतात ना तेव्हा? काय म्हणत होती?"

बाई म्हणाल्या, "मी वाजवत होते हो." मी काय सांगणार? माझं सगळं लक्ष पुन्हा घ्यायच्या ओळीकडे होतं. नंतर तरी तिने त्याला ते सांगितलं असेल का, हे त्याला आठवेना. दुकानात कोणी "मला जरा अंधुक दिसतं" म्हणायला लागलं की हल्ली माझा हात भिंगावरच थांबतो.

आता रविवारी आम्ही काही टेप करत नाही. खिडकीतल्या चिंध्या त्याने काढून टाकल्यात, रस्ता सगळा आत येतो. तो ती चार मिनिटं लावतो आणि त्या तुकड्याशी आला की बटणावर बोट ठेवून बसतो. 'जरा' संपताच मशीन थांबवायचं, 'शू'च्या आत. आजवर एकदाही जमलेलं नाही. थोडा 'श्' निसटतोच.

मग तो त्या 'श्'वर मोठ्याने म्हणतो, "बोल. बोल गं, ऐकतोय."

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहतो. आतल्या खोलीच्या दाराकडे बघायची आमची हिंमत होत नाही.