घरच्या मशीनमध्ये कुणीतरी

माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. सानपाड्याच्या आमच्या गावठाणात एकेकाळी आईला विचारल्याशिवाय कुणी लग्नाची तारीख धरत नसे. 'होती' असं लिहिलं म्हणून घाबरू नका. आई आहे, चांगली ठणठणीत आहे. आवाज तेवढा गेला. घशातली गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं.

ऑपरेशनच्या आधी मी तिला स्वयंपाकघरात बसवून तिचे धवले रेकॉर्ड करून घेतले. आधी ती तयारच होईना. "लगीन नाय, नवरी नाय, आनि धवला कसा लावाचा?" मी हट्टाला पेटले तेव्हा तिनं पाटावर एक नारळ ठेवला, त्याला हळद लावली आणि म्हणाली, "ही नवरी." मग डोळे मिटून जी लागली ती दुपार टळेपर्यंत थांबली नाही. मला त्यातलं एकही गाणं धड येत नाही. मी कॉलेज, नोकरी, सीवूड्सचा इंग्रजीचा क्लास करत मोठी झाले आणि आईच्या गाण्यांना 'जुनं काहीतरी' म्हणत राहिले.

ते सगळं रेकॉर्डिंग पुढच्या खोलीतल्या संगणकावर होतं, एक प्रत पेन ड्राइव्हवर कपाटात. मला त्यातले शब्द लिहून काढायचे होते. पण घरी जमेना, कारण आई घरातच असते. जिचा आवाज गेलाय तिच्यासमोर तिचाच आवाज लावायचं माझं धाडस होत नव्हतं. एकदा हेडफोन घालून बसले तर ती येऊन शेजारी उभी राहिली, मी गडबडीनं सगळं बंद केलं आणि लाइटचं बिल उघडलं. त्यानंतर घरात तो विषयच नको म्हटलं.

म्हणून ठरवलं की महापेच्या ऑफिसातून, जेवणाच्या सुटीत, घरच्या संगणकात शिरायचं. ऑफिसच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावायला बंदी आहे, बाहेरच्या मशीनशी जोडणी करायला मात्र नाही. हे नियम कुणी केले देव जाणे. आमच्या सिस्टिमवाल्यानं मला सगळं सांगितलं: घरच्या राउटरमध्ये एक दार उघडं ठेवायचं, बाहेरून आलेल्याला ते दार थेट आपल्या मशीनपाशी नेतं, आणि मशीनला पासवर्ड हवाच. आजवर आमच्या संगणकाला पासवर्ड नव्हता. "भारी ठेव हां," तो म्हणाला, "हे दार सगळ्या दुनियेला दिसतं."

मी ठेवला तो भारीच होता. आईच्या पहिल्या धवल्याचे पहिले शब्द, इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. तो धवला कुठल्या पुस्तकात नाही की इंटरनेटवर नाही. रशियातला चोर येवो नाहीतर चीनमधला, त्याला हे कुठून सुचणार? मी स्वतःवर खूश होते. खाली मशीननं विचारलं, विसरलात तर आठवण द्यायला काय लिहू? मी लिहिलं, 'आयेचा पहिला धवला'.

रोज सकाळी मी संगणक चालू करून, पासवर्ड घालून निघायचे. पहिले काही दिवस छान गेले. महापेच्या कँटीनच्या कोपऱ्यात बसून मी घरच्या संगणकाचा पडदा बघायचे, कानात आई गायची, मी लिहायचे. डबा तसाच राहायचा.

मग एका दुपारी मी जोडणी केली आणि कानात आई आधीच गात होती.

मी काहीही लावलं नव्हतं. पडद्यावर गाण्याची खिडकी उघडी होती आणि गाणं मधल्या कडव्यात होतं. मी हात उचलून घेतला, जणू लॅपटॉप तापला होता. आदल्या दिवशीचं चालू राहिलं असेल म्हणून स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि गाणं पुढचं. त्यानंतर त्याच्याही पुढचं. कुणीतरी एकेक धवला ओळीनं ऐकत होतं.

मी सिस्टिमवाल्याकडे धावले. त्यानं नोंदी बघितल्या. बाहेरून कितीतरी जण दार ठोठावून गेले होते. "हे सगळ्यांच्याच दाराला ठोठावतात, टेन्शन घेऊ नको. बाहेरून आत आलेला तुझ्याशिवाय कोणी दिसत नाही. घरात कोण वापरतं का?"

"छे," मी म्हणाले. "आई संगणकाला हातसुद्धा लावत नाही."

तो म्हणाला सोमवारी बसून दार पक्कं बंद करू, दुसरी सोय लावू. पण मला सोमवारपर्यंत धीर कुठला? चोर असता तर बँकेचे कागद उघडले असते, घराचे उतारे उघडले असते. हा फक्त आईला ऐकत होता. ऑफिसात तेव्हा सगळे आवाजाच्या नकलेबद्दल बोलत होते, माणसाचा थोडा आवाज मिळाला की मशीन त्याच आवाजात वाट्टेल ते बोलून दाखवतं, नातेवाइकांना फोन करतं. माझी आई आता मला हाकही मारू शकत नाही, आणि कुठल्यातरी परक्या माणसाच्या हातात तिचा आवाज जाणार, तो तिच्या तोंडून काय काय बोलवणार? आवाज चोरीला जातो हे पोलिसांना तरी कसं सांगायचं? रात्री जेवताना मी तिच्याकडे बघायचे आणि घास उतरायचा नाही. ती भुवया उंचावून विचारायची, काय झालं? मी म्हणायचे, ऑफिसचं.

दार उपटून टाकायचं सोडून मी उलटंच करू लागले. चोराला पकडायला म्हणून दिवसातून परत परत आत शिरू लागले. मीटिंगमधून उठून, चहाच्या वेळी, वॉशरूमला जायच्या निमित्तानं. जवळजवळ दर वेळी कानात आई गात असायची, आणि मी आल्याबरोबर पलीकडचं कुणीतरी गप्प होऊन बघत असणार असं मला वाटायचं. मी गाणं बंद करायचे, खिडक्या मिटायचे, बाहेर पडायचे.

शुक्रवारी मी आत होते, आणि डोळ्यांदेखत पडदा काळा झाला. समोर सूचना आली: दुसऱ्या कुणीतरी या संगणकात प्रवेश केल्यामुळे तुमची जोडणी तुटली आहे.

म्हणजे त्याच्याकडे पासवर्ड होता. मी घरी फोन लावला.

आई फोन उचलते, बोलू शकत नाही. आमची पद्धत अशी की ती फोनवर बांगडी आपटते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आमच्या घरात बाहेरची भाषा मी कितीही बोलले तरी घाबरल्यावर तोंडातून गावचीच येते.

"आये, घरान कोन हाय का?"

बांगडी एकदा वाजली.

मला वाटलं होतं चोर दूर कुठेतरी बसलाय. तो माझ्या घरात होता.

"आये, ऐक. त्या मशीनची वायर खेच. आत्ताच्या आत्ता."

बांगडी दोनदा वाजली. ठामपणे. आणि फोन बंद झाला.

कुणीतरी तिला अडवतंय, दुसरं काय असणार? मी बॅग न घेता खाली धावले आणि रिक्षा पकडली. तुर्भ्याच्या पुलावर ट्रकची रांग लागली होती. मी रिक्षावाल्याला इतक्यांदा घाई केली की तो म्हणाला, "ताई, उडवू काय आता?" खाली राहणाऱ्या वहिनीला, माझ्या चुलत भावाच्या बायकोला, सारखा फोन लावत होते. ती उचलत नव्हती. आईच्या गळ्याला ऑपरेशनचं छिद्र आहे, तिथूनच ती श्वास घेते. त्यावर कुणी नुसता हात ठेवला तरी संपलं, आणि तिला ओरडताही येणार नाही. हा एकच विचार माझ्या डोक्यात घोळत होता आणि मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले होते.

गल्लीत उतरले, जिना चढले आणि मधल्या पायरीवर थिजले.

वर आई गात होती. हेडफोनमधून नाही, घरातून, दारातून, जशी ती मांडवात गायची तशी. क्षणभर मला खरंच वाटलं की आत आता आई नाही, फक्त तिचा आवाज उरलाय.

दार लोटलेलंच होतं. संगणकासमोर खुर्चीवर आई बसली होती आणि शेजारी स्टुलावर वहिनी. मला बघताच वहिनी दचकून उभी राहिली. आईनं एक हात माझ्याकडे करून थांबवलं, मागे न बघता. तिचे ओठ हलत होते. स्पीकरमधून येणारा शब्द न् शब्द ती म्हणत होती, आवाजाविना.

मी वहिनीला बाजूला ओढलं. "कोण आलं होतं? कोणी हात लावला याला?"

"कोन येनार? मीच," वहिनी कुजबुजली. "काकी रोज ऐकतात, तू ऑफिसला गेलीस की. तुला सांगू नको, अशी खून केली त्यांनी. तुला रडू येतं ना ऐकून, हेडफोन काढून टाकलास त्या दिवशी." मग म्हणाली, "पन आता काय झालंय, ताई, हे मशीन बिघडलंय. गानं अर्ध्यावर आलं की पडदा बंद पडतो आनि पासवर्ड मागतो. खाली लिवलंय, आयेचा पहिला धवला. तो आमच्या इथं कोनाला येत नाय? मी टाकते आनि परत लावते. या आठवड्यात तर दिवसातून किती वेळा."

मी बाहेरून आत शिरले की घरचा पडदा बंद पडत होता. दिवसातून किती वेळा ते मला नेमकं माहीत होतं.

"काकी लई घाबरल्यात," वहिनी म्हणाली. "त्यांना वाटतं, घशातला गेला तसा आता हा पन चालला, थोडा थोडा. आनि धवला असा अर्ध्यावर सोडत नाय ना. नवरा-नवरीला लागतं ते. मग जिथं तुटतो तिथून पुढं त्या तशाच म्हनत बसतात, पुरा होईपर्यंत. हे असं, नुसतं तोंड हलवून. मघाशी तू वायर काढ बोललीस तेव्हा गानं मधेच होतं, आनि माझा फोन खाली घरीच ऱ्हायला."

मी तिथंच जमिनीवर बसले. ज्याच्या भीतीनं मला घास उतरत नव्हता, तो मीच होते. महापेच्या कँटीनमध्ये बसून रोज आईचा आवाज मधेच तोडत होते, आणि इथं ती घामाघूम होऊन उरलेली गाणी मुक्यानं पुरी करत होती, कुठल्या तरी नवरा-नवरीचं वाईट होऊ नये म्हणून.

गाणं संपलं. आईनं हात जोडले, पदरानं मान टिपली आणि मग कुठे माझ्याकडे वळली. "आये, मशीन बिघडलं नाय," मी म्हणाले. "ती मी होते. मीच येत होते आत." तिला ते कळायला वेळ लागला. वहिनीनं परत समजावलं. मला वाटलं ती रागावेल, निदान एक चापट तरी मारेल. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, नीट पाहिला, आणि ओठ हलवून विचारलं. आवाज नव्हता तरी मला शब्द न् शब्द कळला.

तू होतीस, तर मंग पुरा ऐकून का नाय गेलीस?