चिंचवालीचं पत्र

सत्कार झाला की मी थोर गुरूंचेच आभार मानतो. सभेला तेच शोभतं. पोलीस ॲक्शननंतर दुबलगुंडीच्या बाजारात चिंचा विकणारी म्हातारी त्या यादीत कधीच बसली नाही.

हैदराबादच्या गिरणीत गेलेल्या लेकाला तिनं माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. मी त्यात अश्रू, चंद्र, मातृहृदय, होता नव्हता तेवढा माल ओतला आणि ऐटीत वाचून दाखवला.

चिंचेची बोटं पदराला पुसत ती म्हणाली, "अप्पा, हे वाचून लेकरू म्हणंल, माय मेली, आन् दुसरंच कुनी लिवायलंय."

मग तिचंच लिहिलं: ‘गाय व्यालीय. दूध प्यायला घरात कुनी न्हाई. ये.’

महिन्याभरात लेक तिच्याशेजारी चिंचा तोलत बसला होता. माझी बारा पुस्तकं वाचून अजून कुणीही घरी परतलेलं नाही.