गोधडीखालचा खुळखुळा

डी.एड.च्या पुस्तकात एका परदेशी शास्त्रज्ञावर धडा होता. लेकराची बुद्धी पायरी-पायरीनं वाढते, हे त्यानं म्हणे स्वतःच्याच लेकरांना घरात बघून शोधलं होतं. अगदी तान्हं असताना डोळ्यांसमोर वस्तू झाकली, की लेकराच्या लेखी ती जगातच उरत नाही. पण वर्षाच्या आत ते झाकण ओढून शोधायला लागतं.

माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. मी पुस्तक मिटलं आणि त्याच्यासमोर खुळखुळा गोधडीखाली सरकवला. लाडका खुळखुळा त्याचा! त्यानं गोधडीकडं बघितलंसुद्धा नाही. मग वाटी झाकली, बिस्कीट झाकलं, चिकलठाण्याहून ड्युटी करून आलेल्या नवऱ्याच्या किल्ल्या झाकल्या. झाकलं की संपलं. शेजारची रांगती पोर मात्र बुवा-कुक करताना माझा पदर खसकन ओढायची.

"लई डोकं नको लावू," सासूबाई म्हणायच्या. "याचा बापबी समदं उशिरानंच शिकला." डॉक्टर म्हणाले, वाट बघू. अहो, किती बघू? त्या शास्त्रज्ञाचा मला असा राग यायचा! तुझी लेकरं शहाणी निघाली बाबा, भराभर पायऱ्या चढली. जे पहिल्याच पायरीवर बसून राहतं, त्याच्या आईनं काय करायचं, ते का नाही लिहिलंस? पुंडलिकनगरच्या त्या दोन खोल्यांत मी दिवसभर वस्तू झाकायची आणि रडायची.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मी उदाहरणांसकट पानंच्या पानं लिहिली. घरी आले ती पर्ससुद्धा खाली न ठेवता त्याच्यापुढं बसले, गालाला हात लावला, आणि त्याच्या देखत स्वयंपाकघराच्या पडद्यामागं गेले. खुळखुळा नसंल शोधत. आईला तर शोधंल!

नवरा समजून गेला. "आई कुठं गेली रे? बघ की," तो म्हणाला. फटीतून मला दिसत होतं. लेकरू पंख्याकडं बघून हसत होतं. रडलं नाही, वळलं नाही. "जा रे राजा, आईला आण." नवरा परत म्हणाला. मी पडदा मुठीत धरून उभी. बराच वेळ उभी.

शेवटी मीच ओरडले, "अरे, मी इथं हाय! इथं हाय रे मी!"