कमी उजेडाचा बल्ब

नाशिक रोडला विजेच्या सामानाच्या दुकानात ते माझ्यापुढे उभे होते. सत्तरीचे असतील. रुमालात गुंडाळून आणलेला एलईडी बल्ब त्यांनी जपून काउंटरवर ठेवला.

"हा घ्या, आणि कमी उजेडाचा द्या."

"बिघडलाय का काका?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. मुलीनं लावून दिला, बिलही कमी येतं. पण मागच्या महिन्यात आमची ही गेली. एवढ्या उजेडात खोली फार रिकामी दिसते."

दुकानदारानं एक लहानसा पिवळा बल्ब लावून दाखवला. काकांनी त्याच्याखाली तळहात धरून पाहिला.

"पुरे एवढा. पलंगाची माझी बाजू दिसली म्हणजे झालं."

मला सगळ्यात जास्त उजेडाचा बल्ब हवा होता. ते पायऱ्या उतरून जाईपर्यंत मला तो मागवेना.