बोटीवर चढलेला डॉक्टर

चष्मेवाल्याच्या बायकोने ती कादंबरी कधीच वाचून संपवली होती, पण कादंबरीतला डॉक्टर काही घरातून जायला तयार नव्हता. शेवटच्या पानावर तो भांडून गाव सोडतो, बोटीवर चढतो आणि संपलं. पुढचं लेखकाने लिहिलं नव्हतं. ते काम बायकोने अंगावर घेतलं.

"अहो, तो उतरला कुठे असेल हो?" ती जेवण वाढता वाढता विचारायची. "त्याला करून कोण घालत असेल? धड चहासुद्धा येत नव्हता त्याला."

"उपाशी मरत असेल," चष्मेवाला म्हणायचा, आणि अगदी मनापासून म्हणायचा.

नुसता जळफळाट व्हायचा त्याचा. दिवसभर काचा घासून बोटं सोलवटायची, पण बाबा रे, दुपारी तू काय खाल्लंस, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. त्यातून जेवणं झाली की बायकोचा चष्मा पुसून तिच्या हातात द्यायचा, हा रिवाज त्यानेच पाडलेला. तो चष्मा लावून ती पुन्हा त्याच कादंबरीत डोकं घालायची. म्हणजे डॉक्टर नीट दिसावा याची सोय हा गडी रोज स्वतःच्या हाताने करून देत होता!

एके संध्याकाळी त्याने दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि घरी न जाता तिथेच बसून राहिला. लागू दे तिच्या जिवाला घोर. आपण कुठे असू, कुणाबरोबर असू, पोटात काही गेलं असेल का, करू दे विचार. भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमा त्याच्याकडे टकामका बघत होत्या. शेवटी पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा उठला.

घरी बायको कादंबरी घेऊन बसली होती. दोन्ही ताटं झाकून ठेवलेली.

"दुकानात बसला होतात ना, शटर ओढून?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? रागावलात की दुसरं जाता कुठे तुम्ही?"

"काळजी नाही वाटली?"

"त्या डॉक्टरचं पुढे काय झालं ते ठाऊक नाही, म्हणून विचार करत बसते. तुमचं सगळं पाठ आहे मला. हात धुवा."

हे कौतुक की अपमान, ते त्याला जेवण संपेपर्यंत उमगलं नाही. मग नेहमीप्रमाणे बायकोने चष्मा पुढे केला. डावी काच त्याने लखलखीत पुसली. उजवीवर मात्र अंगठा चांगला दाबून ठसा उमटवला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मळकी काच त्याने पहिल्यांदाच कुणाच्या हाती दिली.

तिने चष्मा लावला. त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. काच पुसायला वर गेलेला हात तसाच खाली घेतला आणि त्या ठशाआडून ती वाचायला लागली.