बर्फात लावलेला पावसाळा

आर्क्टिकमधली लोहखनिजाची खाण परवडेल की नाही, हे चेन्नईत गिंडीला असलेल्या आमच्या सल्लागार ऑफिसात ठरायचं होतं. बर्फ मी फ्रीजबाहेर कधी पाहिला नव्हता. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या खाणींवर वीस वर्षं काढलेली मी. खनिज काढा, बंदरात न्या, जहाजात भरा; जग इथूनतिथून सारखंच, असा माझा तोरा होता. खाण परवडेल, असा अहवाल माझ्या सहीनं सोमवारी गेलासुद्धा.

गुरुवारी आवडी उपनगरातल्या घरून ऑफिसला येताना लोकलमध्ये शेजारची बाई म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पाऊस लागणार, कपडे वाळायचे नाहीत." ऑक्टोबर होता, चेन्नईचा पाऊस तेव्हाच येतो. मान डोलावता डोलावता मी थांबले: हंगाम काही इथूनतिथून सारखे नसतात.

जहाजांचं वेळापत्रक मी माझ्या जुन्याच तक्त्यावर बेतलं होतं. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळला की जून ते सप्टेंबर लहान बंदरं बंद असतात. ते चार महिने मी आर्क्टिकलाही तसेच बंद ठेवले होते. आणि तिथला समुद्र मोकळा असतो तो नेमका त्याच सुमारास! उरलेले आठ महिने माझी जहाजं गोठलेल्या पाण्यातून खुशाल चालली होती.

ऑफिसात पोचल्यावर खांद्यावरची पिशवीही न काढता मी आकडे पुन्हा मांडले. खाण परवडत नव्हती. तीनदा मांडले, तरी नाहीच.

आमचे साहेब तंजावरकडच्या मराठी घरातले, माझ्याहून लहान. "अक्का, कशाला भिता?" सगळं ऐकून ते म्हणाले. "सरी, ठीक आहे, पुढच्या अहवालात बदलूं. आज खाणकंपनीचा कॉल आहे, त्यात कांही बोलूं नका." मला त्यांचा राग आला, पण खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

संध्याकाळी कॉल लागला. पडद्यावर जाड कोटातला कंपनीचा अधिकारी भलताच खुशीत होता. म्हणाला, "काल किनाऱ्यावरच्या वस्तीत सांगून आलो, खाण होणार म्हणून. शहरात कामाला गेलेल्या पोरांना घरच्यांनी लगेच फोन केले, परत या."

साहेब माझ्याकडे बघत होते. "खाण परवडणार नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे." मग महिन्यांचा सगळा घोळ सांगितला. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

अधिकाऱ्यानं विचारलं, "हे त्या लोकांना कोण सांगणार?"

"मी सांगेन," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं खरं.

"मग आत्ताच सांगा. एका मुलाची आई कामाचं विचारायला सकाळपासून बाहेर बसली आहे," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी खुर्ची मोकळी करून उठला.