मंगळवारचे पेशंट

कॅन्सरच्या वॉर्डात थोडी वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. चारचौघांत सांगता मात्र येत नाहीत, कारण आमचे बहुतेक किस्से संडासाशी जाऊन पोचतात. नव्वदच्या दशकात सावेडीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी नर्स होते. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले पेशंट दर मंगळवारी इंजेक्शनला यायचे. जोडीला प्रतिकारशक्ती जागी करायची गोळी. या उपचारानं जुलाब लागायचे, आणि माणूस पार पिळून निघायचा.

*

पुणतांब्याचे कुलकर्णी गुरुजी डॉक्टरांना दर वेळी सांगायचे, "पोट उत्तम." एका मंगळवारी खुर्चीतून उठताना चक्कर येऊन पडले. जीभ कोरडीठाक. तेव्हा कुठे त्यांच्या बायकोनं हळूच सांगितलं, की आठवडाभर ती पहाटेपासून धोतरं धुतेय.

सलाईन लावताना गुरुजींनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "जन्मभर पोरं मला करंगळी दाखवून विचारायची, सिस्टर. मी तास संपेपर्यंत बसवून ठेवायचो."

*

साळवे सरकारी कचेरीत क्लार्क. आजाराचं ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. सारखं टेबलावरून उठावं लागायचं, तर लोकांना वाटलं, गडी तंबाखूच्या नादी लागला. त्यांनीही वाटू दिलं.

शेवटी हेडक्लार्कनं बाजूला घेऊन समजावलं, "साळवे, सोडा ते. कॅन्सर होईल."

हे आम्हाला सांगून साळवे हसले. वॉर्डात दुसरं कुणी हसलं नाही.

*

पाथर्डीकडच्या ठकूबाई आणि त्यांचे मालक रंगनाथ. दरवर्षी ऊसतोडीला जाणारं जोडपं, त्या साली घरीच राहिलं. गोळीला घाबरू नका म्हणून डॉक्टर म्हणाले, हेच औषध शेळ्यांनाही जंतावर देतात.

रंगनाथ गोळीकडे बघत राहिले. "शेरडं जगत्यात यानं," ते म्हणाले. "ही जगंल का?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

*

ही दोघं एसटीनं यायची. एकदा येताना करंजीच्या अलीकडे ठकूबाईंच्या पोटात कळ आली. रंगनाथांनी ड्रायव्हरला हात जोडले. सगळं माळरान, आडोसा कसला तो नाही. गाडीतल्या बायका खाली उतरल्या, पदर पसरून ठकूबाईंभोवती पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. पुरुषांनी दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांकडे तोंडं फिरवली.

पुढच्या मंगळवारपासून ड्रायव्हर न सांगता तिथं गाडी थांबवू लागला.

ठकूबाई दिवाळीच्या सुमारास गेल्या. नंतर एका मंगळवारी रंगनाथ उरलेल्या गोळ्या परत द्यायला आले. मी चहा दिला. विचारलं, ड्रायव्हरला कळवलंत का?

"न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "आज बी त्यानं गाडी थांबवली. मी खाली उतरलो, जरा उभा ऱ्हायलो, अन् परत जाऊन बसलो."